इवामात राहायचं की तोक्योत शिकायचं? आयकिडोसाठी जपानला निघण्यापूर्वी

काळा पट्टा नजरेच्या टप्प्यात आला की आपल्याकडच्या आयकिडोच्या, म्हणजे या जपानी युद्धकलेच्या, वर्गांत हा विषय हमखास निघतो: दोन-तीन महिने जपानला जाऊन शिकायचं झालं तर कुठे जावं? दोन नावं पुढे येतात. एक, तोक्योच्या शिंजुकु भागातला होम्बू डोजो (डोजो म्हणजे सरावाची जागा), आयकिकाई या आयकिडो संस्थेचं मुख्यालय. दुसरं, इबाराकी प्रांतातलं इवामा, तोक्योपासून साधारण शंभर किलोमीटरवरचं गाव, जे 2006 पासून कासामा शहरात मोडतं. दोन्हीकडे जगभरातून विद्यार्थी येतात आणि दोन्हींचं मूळ एकाच माणसात आहे. तरी दोन्हीकडचा दिवस इतका निराळा असतो की निवड चुकली तर रजा, पैसे आणि उमेद तिन्हींवर पाणी पडतं.

आधी इवामाबद्दल, कारण तिथे नेमकं काय पदरात पडतं हे लोकांना कमी माहीत असतं.

आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) 1942 मध्ये तोक्यो सोडून इवामाला आले. जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. तिथे त्यांनी आयकी मंदिर उभारलं, डोजो बांधला आणि शेती केली. शेती आणि युद्धकला ही त्यांच्या लेखी एकच साधना होती. 1946 मध्ये अठरा वर्षांचे मोरिहिरो साइतो त्यांच्याकडे दाखल झाले. साइतो रेल्वेत नोकरीला होते, एक दिवस-रात्र काम आणि एक दिवस-रात्र सुट्टी अशी पाळी. सुट्टीतला वेळ ते उएशिबांजवळ काढत. इतर शिष्य पोटापाण्यासाठी पांगले, साइतो राहिले, आणि 1969 मध्ये उएशिबा गेल्यावर डोजोची आणि मंदिराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 2002 मध्ये स्वतः जाईपर्यंत त्यांनी ती सांभाळली. याच काळात अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातून तरुण मुलं-मुली त्यांच्याकडे महिनोन्‌महिने राहून शिकू लागली आणि एका खेड्याचं नाव जगभर झालं.

असं राहून शिकणाऱ्याला उचिदेशी म्हणतात. गाणं शिकायला गुरूच्या घरी राहणारे, पाणी भरणारे, तानपुरा लावून मागे बसणारे शिष्य आठवा, रीत तीच. पहाटे उठून आवार झाडायचं, मंदिराच्या परिसरातला पालापाचोळा काढायचा. मग उघड्यावर, झाडांखाली, लाकडी तलवार आणि काठीचा सराव, म्हणजे बोक्केन आणि जो. दिवसा तण काढणं, स्वयंपाक, साफसफाई. संध्याकाळच्या वर्गाला गावातली नोकरदार माणसंही येतात आणि तेव्हा हातांचं तंत्र शिकवलं जातं. परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात वाटतं, आपण शिकायला आलोय की राबायला? माझं मत स्पष्ट आहे: हे काम शिक्षणाच्या बाहेरचं नाही. गुरुजी कुदळ कशी धरतात, ओझं उचलताना कंबर कुठे ठेवतात, पाहुण्यापुढे कसे बसतात, हे तासाभराच्या वर्गात कधीच दिसत नाही. ते बघायचं नसेल तर इवामाला जाऊ नका.

शिकवण्याची पद्धतही समजून घ्या, कारण खरा फरक तिथे आहे. इवामा परंपरेत हातांच्या तंत्राचा वर्ग ताई नो हेन्को या हालचालीने सुरू होतो. जोडीदार तुमचं मनगट धरतो, आणि चांगलं आवळून धरतो. हात ओढायला गेलात तर खांदा वर चढतो आणि पाय जागचे हलत नाहीत. बोटं पसरून, कोपर खाली ठेवून, पुढचं पाऊल त्याच्या पावलाच्या बाजूला टेकवायचं आणि कंबरेतून वळायचं. बरोबर जमलं तर तुम्ही त्याच्या शेजारी, तो बघतो त्याच दिशेला तोंड करून उभे असता, आणि त्याच्या पकडीत जोर उरलेला नसतो. जमलं नाही तर काहीच घडत नाही, आणि जोडीदार भिडेखातर हात सैल सोडत नाही. रोज हेच. त्यानंतर कोक्यू-हो, म्हणजे श्वासाच्या बळाचा सराव: जोडीदार तुमचा एक हात दोन्ही हातांनी धरतो, आणि वर्गाचा शेवट गुडघ्यांवर बसून केलेल्या कोक्यू-होने. वाहत्या हालचाली नंतर येतात. गुडघे दुखरे असतील तर हे आधी डॉक्टरांशी बोला.

शस्त्रांची बांधणी साइतोंनी केली: तलवारीचे 7 सुबुरी (एकट्याने करायचे मूलभूत वार), काठीचे 20, काठीचा 31 हालचालींचा काता (ठरलेला क्रम), जोडीने करायचे तलवारीचे 5 कुमिताची आणि काठीचे 10 कुमिजो. ज्याला शस्त्रं मुळापासून शिकायची आहेत, त्याने तोक्योचा विचार बाजूला ठेवावा. होम्बूच्या नेहमीच्या वर्गांत शस्त्रांना फारशी जागा नाही.

मग होम्बूत काय आहे? माणसं. 1931 पासून हा डोजो त्याच परिसरात आहे. सकाळी साडेसहाचा वर्ग बहुतेक दोशु (परंपरेच्या प्रमुखाची पदवी) मोरितेरु उएशिबा घेतात. संस्थापकांचे हे नातू 1999 पासून आयकिकाईचे प्रमुख आहेत. त्यानंतर दिवसभरात तासातासाचे वर्ग, आणि शिक्षक बदलते. एक जण प्रवेशाची पावलं घासून घेतो, दुसरा सगळं गोल फिरवतो, तिसऱ्याचं तंत्र इतकं आखूड की हात कधी हलला ते कळत नाही. नवशिक्यांचे वर्ग वेगळे असतात. मोठ्या वर्गात तासभर जोडीदार सहसा एकच राहतो, म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी शेजारी कोण बसलंय याकडे लक्ष ठेवा. पन्नास वर्षं सराव केलेल्या आजोबांना वाकून विनंती केलीत, तर त्या एका तासाने प्रवासखर्च वसूल होतो. हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

पण होम्बूत तुमच्याकडे कुणी रोज लक्ष ठेवणार नाही. आलात तर आलात. डोजोबाहेर तुम्ही आणि तोक्यो. घरभाडं तुमचं, वेळापत्रक तुमचं, आणि तिसऱ्या आठवड्यात पावसाळी पहाटे अंथरुणातून उठायचं की नाही हेही तुमचंच. स्वतःला शिस्त असलेल्यांना ही मोकळीक मानवते.

राहण्या-जेवण्याचं. तोक्योत आपली माणसं भेटतात. निशि-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी कुटुंबंही आहेत. तिथून तोझाई मेट्रो मार्गाने इइदाबाशी, मग ओएदो मार्गाने वाकामात्सु-कावादा, आणि तिथून होम्बू चालत. शिन-ओकुबोत डाळी, मसाले, कणीक मिळते. शाकाहारी माणसाची खरी अडचण गावात होते: माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, सूपमध्ये, रश्श्यात, भाजीतही असतं आणि जपानी माणसाला ते मांसाहारात मोजावं असं सुचतही नाही. इवामात एकत्र जेवण असेल तर आधीच लिहून कळवा. तिथे पोचल्यावर ताटावर बसून नाही म्हणणं यजमानाला फार लागतं. जानेवारीत इबाराकीत रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि जुन्या लाकडी डोजोत ऊब मिळेल अशी आशा धरू नका. शरद ऋतूत मात्र हा भाग सुंदर, कासामाचे चेस्टनट जपानभर नावाजलेले.

आता एक गुंतागुंतीची गोष्ट, जी पत्रव्यवहार सुरू करण्यापूर्वी माहीत हवी. साइतोंनंतर इवामात एकच दार राहिलं नाही. संस्थापकांचा मूळ डोजो आयकिकाईची इबाराकी शाखा म्हणून चालतो. साइतोंचे चिरंजीव हितोहिरा साइतो यांनी 2004 मध्ये स्वतंत्र संस्था उभी केली आणि वडिलांची पद्धत ते तिथे शिकवतात. त्यांच्याकडची श्रेणी ही आयकिकाईची श्रेणी नव्हे. तुमचा इथला वर्ग आयकिकाईशी जोडलेला असेल तर आपल्या शिक्षकांशी मोकळेपणाने बोलून मगच दार निवडा. शिफारसपत्र लागणारच असं धरून चाला.

व्हिसाचा हिशोब सोपा नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर सांस्कृतिक कार्यांसाठीचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला तिथल्या यजमानाची कागदपत्रं लागतात आणि त्यावर कमाई करता येत नाही. जाण्यापूर्वी आपली योजना वकिलातीला सांगून खात्री करून घ्या.

तोक्योतला योशिनकान हा तिसरा पर्यायही कानावर येईल. उएशिबांचे शिष्य गोझो शिओदा यांच्या परंपरेतल्या या डोजोचा सेनशुसेई अभ्यासक्रम 11 महिन्यांचा, अत्यंत कठोर, आणि दंगलनियंत्रण पोलिसांच्या प्रशिक्षणाशी जोडलेला. नोकरी सोडून वर्ष देऊ शकणाऱ्यांसाठीच तो आहे, म्हणून इथे त्याची तुलना करत नाही.

माझा सल्ला असा. हाती दोन-तीन आठवडेच असतील तर तोक्यो. इवामात एवढ्या दिवसांत झाडू कुठे ठेवतात ते कळतं आणि निघायची वेळ होते. आयकिडो नुकताच सुरू केला असेल तरीही तोक्यो, कारण पडायला न शिकलेल्या माणसाचा भार उचिदेशींच्या छोट्या गटावर पडतो. चार-पाच वर्षांचा पाया असेल, दोन-तीन महिने मोकळे असतील आणि एकाच माणसाच्या नजरेखाली राहायची तयारी असेल, तर बिनधास्त इवामा. लग्न, मुलं, घरून काम अशी ओढ मागे असेल तर इवामाचा हट्ट धरू नका. अर्धं मन घरी ठेवून उचिदेशी होता येत नाही, आणि बरोबरच्यांनाही त्याचा त्रास होतो.

निर्णय होत नसेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात जा. 29 एप्रिलला इवामाच्या आयकी मंदिरात वार्षिक उत्सव होतो, दोशु स्वतः येतात, जपानभरातले आणि परदेशातले लोक जमतात. तोक्योत मुक्काम ठेवून उएनो स्थानकावरून जोबान रेल्वेमार्गाने त्या दिवशी जाऊन येता येतं. डोजो बघा, तिथल्या उचिदेशींशी बोला, आणि राहायचं पत्र त्यानंतर लिहा.