बामणघळीपुढे निकॉन झेड ५

पहिला फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेताना मला ४५ मेगापिक्सेलचा मोह होता. शेवटी निकॉन झेड ५ घेतला आणि वाचलेले पैसे १४-३० मिमी एफ/४ लेन्समध्ये घातले. हेच बरोबर ठरलं. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला २४ मेगापिक्सेल पुरतात.

कोकणातल्या हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे समुद्रकाठच्या कातळातल्या अरुंद भेगेत, भरतीचं पाणी उसळतं, तेव्हा १४ मिमीवर, म्हणजे लेन्सच्या सर्वात रुंद कोनात, दोन्ही बाजूंचे कडे आणि आषाढातलं आभाळ एकाच चौकटीत मावतं. पुढची काच फुगीर नाही, त्यामुळे ८२ मिमीचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर थेट फिरवून बसतो; इतक्या रुंद लेन्सला हे सुख क्वचितच! लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ला ठेवलं की कोपऱ्यातला कातळही स्वच्छ दिसतो. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र हा कॅमेरा घेऊ नका, सेकंदाला साडेचारच फ्रेम मिळतात.

घरी आल्यावर खारे शिंतोडे आधी ओलसर फडक्याने टिपा, मगच कोरड्याने पुसा.