सोलरच्या नावाखाली १ लाख २१ हजार गेले (ऐरोली), घरच्या मोठ्यांनाही वाचून दाखवा

एप्रिलचं बिल आलं तेव्हा मला वाटलं शेजारच्यांचं चुकून आपल्याकडे टाकलं. गच्चीवर ३ किलोवॅटचे पॅनेल, ऊन नुसतं भाजून काढतंय, आणि युनिट किती तर ४८०. पॅनेल नव्हते तेव्हाही उन्हाळ्यात कधी २९० च्या वर गेलो नव्हतो.

आम्ही ऐरोलीला सिडकोच्या रो-हाऊसमध्ये राहतो, गच्ची स्वतःची आहे म्हणून सोलरचं डोक्यात होतंच. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, १ कोटी घरांचं टार्गेट, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, हे सगळीकडे ऐकत होतो. यंदा जानेवारीत एक मुलगा दारावर आला, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, बाबांना म्हणाला, "आजोबा, सिस्टीम १ लाख ९० हजारची आहे, सबसिडी आम्ही आधीच वजा करतो, तुम्ही फक्त १ लाख १२ हजार भरा, पुढचं सगळं आमच्याकडे." वर नेट मीटरचे (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगळी मोजणारा मीटर) म्हणून ९ हजार वेगळे. पैसे जीपेवर दोन दिवसांत दोनदा करून गेले, तेही कंपनीच्या नाही तर एका बाईच्या नावावर, विचारलं तर म्हणे अकाउंट्सच्या मॅडम आहेत. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं, अजून त्याचा त्रास होतो.

पॅनेल मात्र खरंच लागले. चार दिवसांत स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, वायरिंग सगळं, आणि जाताना म्हणाला चालू करून टाका, नेट मीटर आठवड्यात येईल. आम्ही चालू केलं. मीटर आलाच नाही, मार्चपासून फोन बंद.

बिल घेऊन महावितरणमध्ये गेलो तर तिथले एक साहेब स्वतः घरी आले. दुपारचे दोन वाजले होते, त्यांनी घरातलं सगळं बंद करायला लावलं, फ्रिजसुद्धा, आणि मला मीटरसमोर उभं केलं. घरात काहीच चालू नाही तरी मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. मग त्यांनी सोलरचा एमसीबी, म्हणजे बंद-चालू करायचा खटका, खाली केला आणि दिवा थांबला. म्हणाले, तुमची जास्तीची वीज बाहेर लाईनवर जातेय, पण हा साधा मीटर आहे, आत येणारी-बाहेर जाणारी त्याला कळत नाही, दोन्ही वापरच धरतो. म्हणजे आम्ही वीज देत होतो आणि वर तिचेच पैसे भरत होतो!

मग ग्राहक क्रमांक टाकून बघितलं तर आमच्या नावावर सोलरचा अर्जच नाही. त्या मुलाने दिलेल्या कागदावरचा अर्जाचा नंबर खोटा. गच्चीवर जाऊन पॅनेलच्या मागे हात घातला तर सिरीयल नंबरचे स्टिकर खरवडलेले, नुसता चिकट गोंद राहिलाय. सबसिडीला भारतात बनलेल्या सेलचेच पॅनेल लागतात, त्याला डीसीआर म्हणतात, आणि नंबरच नसल्याने ते सिद्ध करता येत नाही, त्यामुळे या पॅनेलवर आता नव्याने अर्ज करूनही उपयोग नाही.

कोळशाची वीज कमी व्हायला हवी, घराघरावर सोलर हवंच, हे माझं मत आजही आहे. पण टार्गेटच्या घाईत दारावर आलेला माणूस खरा की खोटा हे साध्या माणसाने ओळखायचं कसं, हे कोणी गल्लीत येऊन सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. आपल्या पैशाने बसवलं तर सबसिडी सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर आपल्याच बँक खात्यात येते, "आधीच वजा करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्ज योजनेच्या पोर्टलवर स्वतःच्या मोबाईलवरून करा, ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा, व्हेंडरचं नाव तिथल्या यादीत बघा. आणि नेट मीटर लागेपर्यंत कोणी कितीही सांगितलं तरी एमसीबी वर करू नका. पैसे गेल्याचं कळलं तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा, मी लावला तोपर्यंत तीन महिने झाले होते आणि त्या खात्यात काहीच उरलं नव्हतं. पोलिसांत तक्रार दिलीय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलीय.

एमसीबी खालीच आहे. बाबा रोज संध्याकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालायला जातात, पॅनेलकडे बघत नाहीत. आसपास कोणी बसवायच्या विचारात असेल तर घरी या, स्टिकर कुठे असतात आणि कसे खरवडलेत ते दाखवतो.