मॅक फिल्टर: बरेच महिने वापरल्यावर

कनेक्शनबरोबर फुकट आलेल्या ड्युअल बँड राउटरमधल्या मॅक फिल्टरबद्दलच लिहितोय. प्रत्येक उपकरणाच्या वायफायला स्वतःचा एक मॅक पत्ता असतो; त्यांची यादी बघून कुणाला आत घ्यायचं, कुणाला अडवायचं हे हा फिल्टर ठरवतो. स्पीड, रेंज ठीक आहे.

पहिला राग यादीवर. पत्त्यापुढे नाव लिहायला रकानाच नाही! १२ अंकाक्षरांच्या ओळींतली कुठली टीव्हीची, कुठली प्रिंटरची, हे कागदावर वेगळं लिहून ठेवायचं. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडच्या याद्याही स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक पत्ता दोनदा. विंडोज पत्त्यात आडव्या रेघा दाखवतं, राउटरला मात्र कोलनच लागतात. पेस्ट केलं की 'इनव्हॅलिड'. एक रकाना द्यायला कंपनीचं काय जात होतं?

सुरू करताना आधी स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता यादीत टाका, मगच मोड 'अलाऊ' (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) करा. उलट केलंत तर वायफायवरून सेटिंगचं पानही उघडणार नाही, लॅन केबल शोधावी लागेल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /ऑल' टाकलं की इथरनेट, ब्लूटूथ, वायफाय असे बरेच पत्ते दिसतात. त्यातला वायफायखालचाच घ्या.

'पासवर्ड बरोबर, तरी फोन जोडत नाही' याचं खापर मी राउटरवर फोडणार होतो, पण इथे त्याचा दोष नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन खरा पत्ता न देता बनावट देतो. ओळखायची खूण सोपी: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट. घरच्या नेटवर्कपुरतं अँड्रॉइडवर 'डिव्हाइस मॅक' निवडा, आयफोनवर 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' बंद करा. अँड्रॉइडचा बनावट पत्ता तसा एका नेटवर्कला एकच राहतो, पण वायफायचं नाव बदललंत की तोही बदलतो आणि फोन बाहेर. याच कारणाने 'डिनाय' (यादीतल्यांना अडवणारी) यादी कुचकामी आहे: सेटिंगमध्ये एक बटण दाबलं की अडवलेला फोन नवा पत्ता घेऊन हजर.

सुरक्षा म्हणाल तर बेताचीच. डब्ल्यूपीए२ (वायफायचं एन्क्रिप्शन) असलं तरी मॅक पत्ता हवेत उघडाच जातो. रेंजमधला जाणकार तो टिपून स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो. वायफायचा पासवर्ड त्याला माहीत नसेल तर मात्र त्याचं काही चालत नाही. म्हणून लांब पासवर्ड ठेवा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा; त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना गेस्ट नेटवर्क द्या, नको झालं की फक्त त्याचा पासवर्ड बदला.

मग फिल्टर कशाला ठेवला? पासवर्ड पोरांच्या तोंडून सोसायटीभर जातो म्हणून. नवा राउटर घ्यायचे पैसे वाचले, ५ पैकी ३.

अपडेट: कॉल सेंटरचं प्रत्येक तक्रारीवर एकच औषध, 'रीसेट दाबा'. दाबलं, यादी साफ. आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप उतरवून घ्या. तो त्याच मॉडेलवर परत चढतो, तेवढे टायपिंगचे कष्ट वाचतात.