झोबेल मरीन ब्रॉथ 2216: बॅक्टेरिया वाढवायला उत्तम, प्रकाशाच्या प्रयोगाला नको

सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांच्या 1941 च्या कृतीवर बेतलेली ही पोषक माध्यमाची (ब्रॉथची) पावडर समुद्री बॅक्टेरियावर काम होतं तिथे बहुधा सापडतेच. मुंबईच्या हायमीडिया कंपनीच्या लेबलवर लिटरला 40.25 ग्रॅम लिहिलंय, डिफ्को कंपनीच्या लेबलवर 37.4. दोन्हींत मॅग्नेशियम क्लोराइड कमीजास्त आहे, तेव्हा जुन्या वहीतला आकडा न घेता हातातल्या डब्यावरचा घ्या. हवेतली ओल लागली की पावडरचे खडे होतात, झाकण घट्ट हवं. 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्यावर तळाशी साका बसतो. तो दूषितपणा नव्हे, क्षारांचा आहे. पण गढूळपणा मोजून वाढ ठरवणार असाल तर आधी गाळून घ्या.

कल्चर राखायला, प्लेटवर मोजायला पैकीच्या पैकी गुण. काही समुद्री बॅक्टेरियांत असणाऱ्या प्रोटिओरोडॉप्सिन या प्रथिनाचा परिणाम पाहायचा असेल तर मात्र हेच माध्यम आड येतं. हे प्रथिन प्रकाश पकडून प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं. हे प्रोटॉन आत परतताना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं. भरपूर खायला असलेल्या पेशीत हेच काम श्वसन करतं, त्यामुळे उजेडाची भर जाणवत नाही. लिटरला 5 ग्रॅम पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं) आणि 1 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे दोन ग्रॅमच्या वर कार्बन. खुल्या समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला जेमतेम 1 मिलिग्रॅम! भूमध्य समुद्रातल्या डोकडोनिया एमईडी134 या बॅक्टेरियाची उजेडातली जादा वाढ 2007 मध्ये दिसली तीही अशा कमी कार्बनच्या पाण्यातच.

नेहमीची चूक बियाण्यात, म्हणजे प्रयोग सुरू करायला टाकलेल्या कल्चरमध्ये, होते. लिटरभर पाण्यात 1 मिलिलिटर ब्रॉथ-कल्चर टाकलं की त्यासोबत दोन मिलिग्रॅमहून जास्त कार्बन जातो, म्हणजे पाण्यात मुळात होता त्याच्या दुपटीहून अधिक. उपासमार सुरूच होत नाही. म्हणून पेशी सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात तीनदा धुवा. बाटल्या 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, खळबळून, 450 अंशांवर चार-पाच तास भाजा. साबणाचा अंशसुद्धा कार्बनच.

अंधाराच्या बाटल्यांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून त्या त्याच दिव्याखाली ठेवा आणि दोन्हींतलं तापमान मोजा. दिव्याच्या उष्णतेने झालेली वाढ प्रकाशाच्या नावावर सहज खपते. हिरवा एलईडी 525 नॅनोमीटरच्या आसपासचा हवा, पण तुमच्या जातीचं प्रथिन निळा प्रकाश शोषणारं असेल तर 490 च्या जवळचा.

अंदमान समुद्रातल्या व्हिब्रिओ एएनडी4 या बॅक्टेरियाला उजेडाचा फायदा वाढीत नव्हे, उपाशी तगण्यात होतो. तिथे हे माध्यम चालतं: आधी यात वाढवा, मग धुऊन उपाशी ठेवा. खुल्या समुद्रातल्या पेलॅजिबॅक्टर या बॅक्टेरियासाठी मात्र डबा उघडूच नका. इतक्या खाण्यात तो वाढतच नाही.