प्रकाशप्रदूषित अंगणातून एम 33: ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीम फिल्टर कितपत उपयोगी?

शहरातून दीर्घिकेचे छायाचित्र घ्यायचे म्हटले की पहिला सल्ला फिल्टर घेण्याचा मिळतो आणि त्यात एल-एक्स्ट्रीमचे नाव हमखास असते. हा फिल्टर मी रंगीत कॅमेरा आणि लहान अपवर्तक दुर्बीण यांच्या जोडीने त्रिकोण तारकासमूहातील एम 33 या सर्पिल दीर्घिकेवर वापरला. तेजोमेघांसाठी, म्हणजे अवकाशातील चमकत्या वायूच्या ढगांसाठी, तो उत्तम आहे. दीर्घिकांसाठी मात्र ती पहिली खरेदी असू नये, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण प्रकाशाच्या स्वरूपातच आहे. हायड्रोजन-अल्फाची (हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशाची) 656.3 नॅनोमीटरची आणि ऑक्सिजनची 500.7 नॅनोमीटरची रेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश, यांच्याभोवतीचे सुमारे 7 नॅनोमीटर रुंदीचे दोन पट्टे तेवढे हा फिल्टर आत सोडतो. उत्सर्जन तेजोमेघांचा बराचसा प्रकाश अशा मोजक्या रेषांत एकवटलेला असतो, म्हणून ते काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः अब्जावधी ताऱ्यांचा, म्हणजे वर्णपटभर पसरलेला असतो, आणि एलईडी पथदिव्यांचा उजेडही तसाच पसरलेला असल्यामुळे एकाला अडवताना दुसराही अडवला जातो. एम 33 ची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा लहान तितके तेज अधिक) 5.7 असली तरी तो प्रकाश पूर्ण चंद्रबिंबाच्या दुपटीहून लांब अशा क्षेत्रावर विखुरलेला आहे. आधीच फिकट असलेल्या भुजा या फिल्टरमधून जवळजवळ नाहीशा होतात.

त्यांच्या जागी जे उरते ते मात्र विलक्षण आहे. विल्यम हर्शेल यांनी 1784 मध्ये नोंदवलेला एनजीसी 604 हा सुमारे 1500 प्रकाशवर्षे रुंदीचा तेजोमेघ ठसठशीत दिसतो, एनजीसी 595 ओळखता येतो आणि भुजांच्या कडेने तारे जन्मण्याच्या जागा एकेक करून उमटू लागतात. सुमारे 27 लाख प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतील वेगवेगळे तेजोमेघ घराच्या अंगणातून टिपता यावेत, यासाठी हा फिल्टर घ्यावासा वाटला तर मी कोणालाही अडवणार नाही. ही दीर्घिका आपल्याकडे सेकंदाला सुमारे 180 किलोमीटर वेगाने येत असल्याने तिची हायड्रोजन रेषा निळ्या बाजूला सुमारे 0.4 नॅनोमीटर सरकते. 7 नॅनोमीटरच्या पट्ट्यात ते सहज सामावते, पण 3 नॅनोमीटरचा फिल्टर घेताना हा हिशेब आधी करावा.

म्हणून मुख्य चित्र फिल्टरविनाच घ्यावे. चंद्र नसलेल्या रात्री, दीर्घिका माथ्याजवळ असताना, आकाशाच्या उजेडाने चित्र पांढरे पडणार नाही इतके लहान एक्स्पोजर घ्यावेत आणि असे कित्येक तासांचे एक्स्पोजर जमवून एकत्र करावेत. दुप्पट स्पष्टतेसाठी चौपट वेळ लागतो आणि कोणताही फिल्टर ही अट माफ करत नाही. चंद्रप्रकाशाच्या रात्री मात्र एल-एक्स्ट्रीम लावून मोठे एक्स्पोजर घ्यावेत आणि त्यांतील फक्त लाल वाहिनी (चित्रातील लाल रंगाचा भाग) मुख्य चित्राच्या लाल वाहिनीत बेताने मिसळावी. रंगीत कॅमेऱ्यात चारपैकी एकच पिक्सेल लाल असतो, त्यामुळे इथेही वेळेची कंजुषी चालत नाही. फिल्टर बदलल्यावर फोकस पुन्हा जुळवावा आणि फ्लॅट फ्रेम्स (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेली चित्रे) वेगळ्या घ्याव्यात. ज्यांच्याकडे एकरंगी कॅमेरा आहे त्यांना साधा हायड्रोजन-अल्फा फिल्टर यापेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण त्यांचा प्रत्येक पिक्सेल ती रेषा टिपतो.