जिनिंगच्या शेडमधले एलईडी हायबे: दोन हंगामांनंतर

टिनाचं शेड, सात मीटर उंची, खाली सरकीपासून रुई वेगळी करणारे डबल रोलर रेचे आणि एका टोकाला गाठी बांधायची प्रेस. इथले २५० वॅटचे २४ मेटल हॅलाइड दिवे काढून १२० वॅटचे एलईडी हायबे, म्हणजे उंच छताला टांगायचे दिवे, लावले. आता १८ महिने झाले. उजेडाबद्दल तक्रार नाही. लाइन जाऊन आली की मेटल हॅलाइड थंड होऊन परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं लावायचा, ती कटकट गेली. चोकसकट २७५-२८० वॅट खाणारा दिवा उतरला की बिल कमी होणारच, त्यावर काय लिहायचं? शिवाय आयुष्य संपत आलेली मेटल हॅलाइडची नळी कधीकधी फुटते आणि तापलेली काच खाली रुईवर पडते. ती भीती गेली, हाच मोठा फायदा.

१८ महिन्यांत पाच दिवे बंद पडले. पाचही वेळा ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज करून देणारा डबा) गेला, एलईडीची प्लेट एकदाही नाही. ड्रायव्हरवर ५० अंशांपर्यंतचं तापमान छापलेलं आहे. हंगाम एप्रिलपर्यंत लांबला तर दुपारी टिनाखालची हवा त्याच्या वर जाते, आणि आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. त्यात पंख्यांवर, म्हणजे मागच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, उडती रुई बसते. दिव्यावरचं आयपी६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही एवढंच. बाहेर रुईची गोधडी पांघरल्यावर उष्णता निघणार कुठून? हंगामात दर पंधरा दिवसांनी सप्लाय बंद करून, दिवा गार झाल्यावर, कॉम्प्रेसरच्या हवेने पट्ट्या झाडाव्या लागतात. तरी पाणी मारायचं नाही, ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) सैल असेल तर ते आत जातं. ड्रायव्हर जाण्याआधी सांगतो: दिवा लावला की दोन-चारदा मिचकावतो, मग स्थिर होतो. उघडलं तर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसतं.

घोळाची दुसरी जागा म्हणजे अर्थिंग. "एलईडीला अर्थिंग लागत नाही" असं म्हणत हिरवी वायर कापून टेप गुंडाळणारे वायरमन गावोगावी आहेत. ड्रायव्हरच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ नसेल तर बॉडीवर निम्मा दाब येतो, मल्टिमीटर ११० व्होल्टच्या आसपास दाखवतो. करंट अगदी थोडा, पण शिडीवरच्या माणसाला झिणझिणी येऊन हात सुटायला तेवढा पुरतो. शिवाय दिव्यातला १० केव्हीचा सर्ज प्रोटेक्टर वीज जमिनीत सोडणार ती याच वायरमधून. वायर नसेल तर मृगाच्या तोंडावरच्या विजांपुढे तो नावालाच. म्हणून तीन कोअरची केबल टाका, आणि प्रत्येक दिव्याच्या बॉडीपासून अर्थपट्टीपर्यंत कंटिन्युइटी (वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना) तपासूनच वायरमनचे पैसे द्या. हुकाशिवाय वेगळी साखळीही हवीच. रेच्यांच्या हादऱ्याने नट ढिले होतात.

अर्थिंग नीट केलं की आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट पकडून सप्लाय तोडणारा स्विच) उगाच पडायला लागतो, आणि तिथे पुन्हा कोणीतरी हिरवी वायर काढतो. कारण साधं आहे. प्रत्येक ड्रायव्हरमधून अर्धा-पाऊण मिलीअँपियर गळतो. २४ दिवे एकाच ३० एमएच्या आरसीसीबीवर टाकले की बेरीज १५ च्या वर जाऊ शकते, आणि तो १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. आठ-आठचे तीन गट करून तीन फेजवर वाटले, प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी आणि सी कर्व्हचा (क्षणभराचा जादा करंट सहन करणारा) एमसीबी दिला, तेव्हा थांबलं. बी कर्व्हचा असेल तर लाइन परत येताना सगळे ड्रायव्हर एकदम करंट ओढतात आणि तो पडतो. डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला तर दाब ३०० च्या वर जातो. त्यासाठी ओव्हरव्होल्टेज रिले लावून घ्या.

घेताना काय बघायचं? बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, खोक्यावर नाही, दिव्याच्या अंगावर हवा. दिव्यासाठी आयएस १०३२२ आणि ड्रायव्हरसाठी आयएस १५८८५ (भाग २, विभाग १३), दोन्ही वेगळे. बीआयएस केअर अॅपवर नंबर टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि मानक दिसतं. हायबेवर आयएस १६१०२ खाली घेतलेला नंबर सापडला, तर तो होल्डरमध्ये बसणाऱ्या साध्या एलईडी बल्बचा आहे. तो दिवा परत करा. आणि ड्रायव्हर बदलता यायलाच हवा. रेझिन ओतून बॉडीतच बंद केलेला असेल तर एका फुगलेल्या कपॅसिटरपायी तीन-चार किलोचा दिवा भंगारात जातो.

आता उतरवलेला माल. २४ दिवे, २४ तांब्याचे चोक, इग्नायटर, आणि ऑफिस-गोदामातल्या चार फुटी ४० ट्यूब. कबाडी चोक वजनावर आनंदाने नेतो आणि दिवे मागच्या नाल्यात फोडतो. ट्यूबमध्ये पारा काही मिलीग्रॅम असतो, मेटल हॅलाइडमध्ये त्याच्या कितीतरी पट. नव्या हायबेची खोकी फेकू नका, जुने दिवे त्यांतच एकेक करून बसतात. ट्यूब चिकटपट्टीने एकत्र बांधू नका, सोडवताना फुटतात. मूळ खोक्यात उभ्या ठेवा, वर "पारा" लिहा, खोलीला कुलूप लावा. फुटलीच तर दारं-खिडक्या उघडून १५ मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबायचं. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. काच पुठ्ठ्याने गोळा करायची, भुगा चिकटपट्टीने टिपायचा, सगळं झाकणाच्या बरणीत.

ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत "मोठा ग्राहक" म्हणजे वर्षात एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारा, म्हणजे बहुतेक जिनिंग त्यात बसत नाहीत. पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकाची. पण ती पार पाडल्याची त्याला लागणारी प्रमाणपत्रं सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर निघतात. त्यामुळे चोक सगळ्यांना हवे असतात, काचेच्या ट्यूबसाठी कोणी गाडी पाठवत नाही. आम्ही विचारलं तेव्हा विक्रेता म्हणाला, "फेकून द्या ना, कोण बघतं?"

उपाय असा निघाला: चोक आणि दिवे वेगळे विकायचेच नाहीत, एकाच चलनावर द्यायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्वापरकर्ता बघायचा, आणि गाडीभर माल व्हावा म्हणून शेजारच्या दोन जिनिंगा आणि ग्रामपंचायतीचे जुने रस्त्यावरचे दिवे सोबत जोडायचे. पावतीवर वजन, नग आणि त्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, पण तिथे एकट्यादुकट्याने खोकं घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आवारातल्या फ्लडलाइटच्या ऑर्डरवर यंदा तीन ओळी टाकल्या: दिवा आणि ड्रायव्हर दोन्हींचे आर-नंबर बिलावर, सुटा ड्रायव्हर तीन वर्षं मिळेल, आणि जुने दिवे परत नेऊन पावती द्याल. तिसरी ओळ वाचून दोन विक्रेते गळाले. तिसऱ्याने मान्य केली, पण दिव्यामागे दीडशे रुपये वाढवून.