‘इंग्लिश ग्रामर इन यूज’मधला चालू वर्तमानकाळ

रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे पुस्तक १९८५ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१९ साली त्याची पाचवी आवृत्ती आली. पुस्तकात १४५ पाठ असले, तरी हे परीक्षण चालू वर्तमानकाळापुरतेच आहे. कारण इंग्रजी शिकणारा मराठी माणूस नेमका येथे चुकतो आणि आपण चुकलो हे त्याच्या लक्षातही येत नाही.

शाळेत आपण साधा वर्तमानकाळ आधी शिकतो. मर्फी मात्र पहिलाच पाठ चालू वर्तमानकाळाला देतात. डाव्या पानावर स्पष्टीकरण आणि उजव्या पानावर स्वाध्याय ही मांडणी पुस्तकभर आहे. ‘ॲम, इज, आर’ आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ हा साचा थोडक्यात उरकून बाकीची जागा अर्थाला दिली आहे, हे मला विशेष आवडले. क्रिया बोलण्याच्या क्षणीच चाललेली असावी लागते असे नाही, ती सुरू झालेली आणि अजून न संपलेली असली तरी पुरते. ‘आय ॲम रीडिंग अ गुड नॉव्हेल’ म्हणणाऱ्याच्या हातात त्या वेळी चहाचा कप असला, तरी वाक्य बिनचूक आहे. ‘सध्या एक चांगली कादंबरी वाचतोय’ असे आपणही म्हणतोच. पण ‘आत्ता घडत असलेली क्रिया’ ही पाठ केलेली व्याख्या हे दिसू देत नाही.

खरा कस लागतो तो तिसऱ्या आणि चौथ्या पाठात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ किंवा ‘आय ॲम नॉट नोइंग’ ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. ‘हॅव’ मालकी किंवा नाते सांगत असेल तर ‘आयएनजी’ चालत नाही, पण जेवण चालू असेल तर ‘वुई आर हॅविंग लंच’ बरोबर ठरते, हा भेद मात्र पुढे सतराव्या पाठात उलगडतो. ‘ही इज रूड’ म्हणजे माणूस स्वभावानेच उद्धट आणि ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता तसा वागतो आहे, हा चौथ्या पाठातला असाच बारकावा. ‘ऑलवेज’सह चालू काळ आला की वैताग कसा व्यक्त होतो, हे ‘तो सारखा कुरकुरत असतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला वेगळे समजवावे लागत नाही.

पुस्तक संपूर्ण इंग्रजीत आणि जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने मराठीतून येणाऱ्या चुका त्यात हेरलेल्या नाहीत, ही मर्यादा मान्य करावी लागते. आपल्या ‘काय करतोस?’मध्ये नोकरीधंद्याची चौकशीही असते आणि ‘या क्षणी काय चालले आहे’ हा प्रश्नही. म्हणून फोनवर कोणी सहज ‘व्हॉट डू यू डू?’ विचारतो आणि पलीकडचा बँकेत नोकरीला असल्याचे सांगतो. ‘पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय’चे ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ करणे ही तर सुशिक्षितांचीही सवय आहे. तिच्यावरचा उपाय पहिल्या चार पाठांत शोधून सापडणार नाही. ‘हॅव बीन लिव्हिंग’ ही रचना नवव्या पाठापासून पुढे येते, आणि ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ का हवे हे बाराव्या पाठात कळते. उलट ‘उद्या नाशिकला जातोय’ हे आधी ठरलेल्या बेताचे वाक्य दोन्ही भाषांत चालू काळातच बसते, त्यामुळे एकोणिसाव्या पाठातला तेवढा भाग आपल्याला फारसे कष्ट न घेता जमतो.

पुस्तक मध्यम पातळीचे आहे. अगदी नवशिक्याने याच लेखकाचे लाल मुखपृष्ठाचे ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’ घ्यावे. त्यात आधी ‘ॲम, इज, आर’ पक्के करून मगच चालू काळाकडे नेले आहे. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने उत्तरांसहची आवृत्तीच मागावी, कारण वर्गात शिकवण्यासाठी उत्तरांविना काढलेली आवृत्तीही बाजारात मिळते.